महारोहिणीचे स्तरविदारण : निदान व उपचार यांचा इतिहास

महारोहिणी ही शरीरातील सर्वांत मोठी रोहिणी होय. ती हृदयाच्या डाव्या निलयातून निघून प्रथम वर जाते, नंतर कमानीसारखी वळते आणि पाठीच्या कण्यालगत छातीतून उदरात उतरते. या भागांस अनुक्रमे आरोही महारोहिणी, महारोहिणीची कमान व अवरोही महारोहिणी असे म्हणतात. तिची भित्ती अंतःस्तर, मध्यस्तर व बाह्यस्तर अशा तीन थरांची बनलेली असते. अंतःस्तरास चीर पडून रक्त मध्यस्तरात शिरले आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक भित्तीचे थर एकमेकांपासून सोडवीत पुढे सरकू लागले, म्हणजे त्या विकृतीस ‘स्तरविदारण’ असे म्हणतात. हा विकार विरळ आहे. दर लाख लोकवस्तीत वर्षाकाठी सुमारे ३ व्यक्तींना तो होतो. परंतु आरोही महारोहिणी चिरली गेल्यास आणि उपचार न झाल्यास थोड्याच तासांत वा दिवसांत मृत्यू ओढवण्याचा संभव मोठा असतो. त्यामुळे या विकाराचा इतिहास हा प्रामुख्याने वेळेवर ओळख पटविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे. सुमारे दोनशे वर्षे वैद्यकास हा विकार मुख्यतः शवपरीक्षेच्या टेबलावरच भेटत होता. रुग्णशय्येजवळ तो ओळखणे आणि रुग्ण वाचविणे या दोन्ही गोष्टी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साध्य झाल्या.

विकृतीचे स्वरूप : मध्यस्तरात शिरलेल्या रक्तामुळे महारोहिणीत दोन पोकळ्या तयार होतात. मूळच्या पोकळीस खरी व थरांमधील नव्या पोकळीस खोटी पोकळी म्हणतात. दोहोंमध्ये अंतःस्तराचा सुटलेला पडदा लोंबत असतो. खोटी पोकळी फुगली की खरी पोकळी दबते आणि तेथून फुटणाऱ्या शाखांचा रक्तपुरवठा अडतो. शाखा कोणती यावर लक्षणे अवलंबून असतात. मानेतील रोहिणी अडल्यास पक्षाघात, मेरुरज्जूच्या शाखा अडल्यास दोन्ही पाय लुळे पडणे, वृक्कांच्या रोहिणी अडल्यास मूत्रोत्पादन थांबणे, आतड्याच्या रोहिणी अडल्यास तीव्र पोटदुखी आणि हातापायांच्या रोहिणी अडल्यास नाडी लागेनाशी होणे, असे निरनिराळे परिणाम दिसतात. विदारण उलट दिशेने हृदयाकडे गेल्यास महारोहिणीच्या झडपेचा आधार सुटून ती गळू लागते किंवा हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीचे मुख बंद होते. बाह्यस्तरही फाटल्यास रक्त हृदयाभोवतीच्या आवरणात साठते. त्याच्या दाबामुळे हृदयास प्रसरण पावता येत नाही व मृत्यू येतो. एकच विकार इतकी वेगवेगळी रूपे घेत असल्याने तो ओळखण्यात चूक होणे स्वाभाविक ठरते.

शवपरीक्षेतील शोध : या विकाराचे सर्वांत प्रसिद्ध आरंभीचे वर्णन एका राजाच्या मृत्यूशी निगडित आहे. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज २५ ऑक्टोबर १७६० रोजी सकाळी लंडनमधील केन्सिंग्टन राजवाड्यात शौचकूपात अकस्मात कोसळून मरण पावला. त्या वेळी तो ७६ वर्षांचा होता. राजवैद्य फ्रँक निकल्स (१६९९–१७७८) यांनी मरणोत्तर तपासणी करून तिचा वृत्तांत रॉयल सोसायटीस सादर केला. हृदयावरणात सुमारे एक पाइंट गोठलेले रक्त साठलेले होते आणि त्याच्या दाबाने हृदय चेपले गेले होते. महारोहिणीच्या आतील अंगास सुमारे दीड इंच लांबीची आडवी चीर होती आणि तीतून रक्त बाह्यस्तराखाली शिरलेले होते. चीर, थरांमध्ये शिरलेले रक्त आणि हृदयावरणातील रक्तसंचय या तिन्ही गोष्टी या वृत्तांतात एकत्र नमूद झाल्या. निकल्स यांच्या हाती औषध काहीच नव्हते, पण निरीक्षण अचूक होते.

त्याच सुमारास, १७६१ मध्ये, इटलीतील पाद्वा विद्यापीठाचे शारीरविज्ञ जोव्हान्नी बात्तीस्ता मोर्गान्ये (१६८२–१७७१) यांनी रोगांची स्थाने व कारणे यांविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. रुग्णाची हयातीतील लक्षणे आणि मृत्यूनंतर दिसणारी अवयवांतील विकृती यांची सांगड घालण्याची पद्धत या ग्रंथाने रूढ केली. भित्तीच्या थरांतून रक्ताने वाट काढल्याची उदाहरणेही त्यात आहेत.

संज्ञेचा घोळ : जिनीव्हाचे शस्त्रक्रियाविशारद झां पीएर मोन्वार यांनी १८०२ मध्ये या क्रियेस ‘विच्छेदन’ या अर्थाची संज्ञा वापरली. त्यानंतर स्टेथॉस्कोपचे जनक रने लाएनेक (१७८१–१८२६) यांनी १८१९ मध्ये ‘विच्छेदक रोहिणीविस्फार’ हे नाव रूढ केले. हे नाव पुढे दीडशे वर्षे टिकले. पण ते दिशाभूल करणारे होते. रोहिणीविस्फारात भित्तीचे सर्व थर मिळून फुग्यासारखे ताणले जातात व ही क्रिया बहुधा अनेक वर्षे चालते. स्तरविदारणात मात्र थर एकमेकांपासून सुटतात आणि ही घटना क्षणात सुरू होते. महारोहिणी आधी रुंदावलेली असेलच असेही नाही. कधीकधी विस्फारलेल्या महारोहिणीत विदारण घडते, तर कधी विदारणानंतर दुबळी झालेली भित्ती पुढे विस्फारते. या दोन विकृती भिन्न आहेत हे स्पष्ट झाल्यावर जुनी जोडसंज्ञा हळूहळू मागे पडली.

लंडनचे टॉमस बेव्हिल पीकॉक (१८१२–८२) यांनी या विषयास प्रयोगाची जोड दिली. शवातील महारोहिणीच्या भित्तीत द्रव दाबाने सोडून थर कसे सुटतात ते त्यांनी पाहिले. सुटलेल्या पोकळीतील रक्त कधीकधी पुढे दुसरी चीर पाडून मूळ प्रवाहास पुन्हा मिळते आणि असा रुग्ण काही काळ जगू शकतो, हे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. निसर्गाने कधीमधी साधलेली ही सुटका पुढे शस्त्रक्रियाविशारदांना मार्गदर्शक ठरली. १८५०–६० या दशकात स्वेन व लॅथम या इंग्रज वैद्यांनी रुग्ण जिवंत असताना निदान केल्याची नोंद आहे. परंतु तो अपवादच होता.

कारणमीमांसा : अंतःस्तरास चीर पडली तरी मध्यस्तर बळकट असेल तर रक्त फार पुढे जाऊ शकत नाही. म्हणून मूळ दोष मध्यस्तरात असला पाहिजे, हा विचार विसाव्या शतकाच्या आरंभी बळावला. व्हिएन्नाचे विकृतिवैज्ञानिक याकोप एर्डहाइम (१८७४–१९३७) यांनी १९२९–३० मध्ये मध्यस्तरातील लवचिक तंतूंचा ऱ्हास आणि त्यांच्या जागी साठणारा बुळबुळीत पदार्थ यांचे वर्णन केले. ॲबर्डीनचे थिओडोर शेनन यांनी १९३४ मध्ये सुमारे ३०० रुग्णांच्या वृत्तांतांचे विवेचन करणारा अहवाल प्रसिद्ध केला. रक्तदाबाधिक्य हे बहुसंख्य रुग्णांत आढळणारे कारण असल्याचेही हळूहळू निश्चित झाले.

काही कुटुंबांत मात्र हा विकार तरुणपणीच उद्‌भवतो. पॅरिसचे बालरोगतज्ञ आंत्वान मार्फां यांनी १८९६ मध्ये लांब व सडपातळ हातपाय असलेल्या एका मुलीचे वर्णन केले होते. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या लक्षणसमूहात महारोहिणीही दुबळी असते, हे १९४३ मध्ये लक्षात आले. तो जोडऊतकातील फायब्रिलीन या प्रथिनाच्या जनुकातील दोषामुळे होतो, हे १९९१ मध्ये सिद्ध झाले. अमेरिकेची ऑलिंपिक व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन १९८६ मध्ये जपानमध्ये सामना चालू असताना कोसळून मरण पावली. तिला हा लक्षणसमूह होता हे मृत्यूनंतरच कळले. अशा कुटुंबांतील इतर व्यक्तींची महारोहिणी वेळोवेळी मोजणे आणि ठराविक मर्यादेपलीकडे रुंदावल्यास ती फाटण्यापूर्वीच बदलणे, हा आता मान्य झालेला प्रतिबंधक उपाय आहे.

शस्त्रक्रियेचा प्रारंभ : न्यूयॉर्क राज्यात गुरिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३५ मध्ये पायाकडे जाणारा रक्तप्रवाह अडलेल्या रुग्णाच्या श्रोणीतील रोहिणीत सुटलेल्या पडद्यास खिडकी पाडली. पायाचा रक्तपुरवठा परतला. परंतु वृक्के निकामी होऊन रुग्ण काही दिवसांनी दगावला. पीकॉक यांच्या निरीक्षणातील नैसर्गिक सुटकेचे हे अनुकरण होते. मूळ चिरेपर्यंत पोहोचण्याचे साधन मात्र त्या काळी उपलब्ध नव्हते.

ते धाडस ह्यूस्टन येथील मायकेल डीबेकी (१९०८–२००८) यांनी केले. त्यांनी ७ जुलै १९५४ रोजी विदीर्ण अवरोही महारोहिणीवर थेट शस्त्रक्रिया केली आणि १९५५ मध्ये डेंटन कूली व ऑस्कर क्रीच यांच्यासह अशा सहा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. चिरेचा भाग कापून काढणे, सुटलेले थर पुन्हा एकत्र शिवून खोटी पोकळी बंद करणे आणि महारोहिणीचे सातत्य पुन्हा प्रस्थापित करणे, ही त्यामागील तत्त्वे आजही कायम आहेत. कापलेल्या भागाच्या जागी आरंभी मृत व्यक्तीची जतन केलेली रोहिणी वापरीत. डेक्रॉन या कृत्रिम धाग्याच्या विणलेल्या नलिका उपलब्ध झाल्यावर ही अडचण दूर झाली.

आरोही महारोहिणीवरील शस्त्रक्रिया याहून कठीण होती, कारण तीसाठी हृदय थांबवावे लागते. जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली आणि हा मार्ग खुला झाला. १९६०–७० या दशकात आरोही महारोहिणीचे विदारण व गळकी झडप यांची एकत्र दुरुस्ती होऊ लागली. लंडनचे ह्यू बेंटॉल व अँटनी डी बोनो यांनी १९६८ मध्ये झडप व नलिका एकसंध बसविण्याची पद्धत वर्णिली. कमानीवर काम करताना मेंदूचा रक्तप्रवाह थांबवावा लागतो. शरीर अतिशय थंड करून तो काही काळ सुरक्षितपणे थांबविण्याच्या तंत्राचा कमानीच्या शस्त्रक्रियेतील उपयोग रँडल ग्रीप व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखविला.

औषधी उपचार : शस्त्रक्रियेच्या पहिल्या दशकात मृत्युप्रमाण फार होते. फ्लॉरिडा विद्यापीठातील मायरन व्हीट यांनी १९६५ मध्ये वेगळा विचार मांडला. चीर पडल्यानंतर रुग्णाचा जीव जातो तो विदारण पुढे सरकल्यामुळे व बाह्यस्तर फुटल्यामुळे. विदारणास पुढे ढकलणारी शक्ती म्हणजे हृदयाच्या ठोक्याचा जोर. तेव्हा केवळ रक्तदाब उतरविणे पुरेसे नाही. प्रत्येक ठोक्यास दाब ज्या वेगाने चढतो तो वेगही कमी केला पाहिजे. या विचारास एक आधार कुक्कुटपालनातून मिळाला होता. टर्की पक्ष्यांमध्ये महारोहिणी फाटून अचानक मृत्यू येतात आणि खाद्यातून रेसर्पीन दिल्यास हे मृत्यू घटतात, असे दिसून आले होते. व्हीट व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेविना औषधांनी उपचार केलेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्या औषधांत रेसर्पीनचा समावेश होता.

रेसर्पीन हे सर्पगंधा या भारतीय वनस्पतीच्या मुळातील द्रव्य असून ते १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. त्यापूर्वीच मुंबईचे हृद्‌रोगतज्ञ रुस्तुम जाल वकील (१९११–७४) यांनी रक्तदाबाधिक्यावरील सर्पगंधेच्या चिकित्सेचे निष्कर्ष १९४९ मध्ये एका ब्रिटिश हृद्‌रोग नियतकालिकात प्रसिद्ध करून या वनस्पतीकडे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष वेधले होते. या कार्याबद्दल त्यांना १९५७ मध्ये अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला. मुंबईतील त्या चिकित्सेचा धागा अशा रीतीने या विकाराच्या औषधी उपचारांपर्यंत पोहोचतो.

पुढे रेसर्पीनची जागा बीटारोधक औषधांनी घेतली. तत्त्व मात्र तेच राहिले. नाडीचा वेग मिनिटास ६० च्या आसपास व आकुंचनकालीन रक्तदाब १०० ते १२० मिमी. पारा यांदरम्यान आणणे हे सर्वसाधारण उद्दिष्ट असते. बीटारोधक प्रथम देतात व गरज पडल्यास वाहिनीविस्फारक औषध नंतर. हा क्रम उलटल्यास दाब उतरताच प्रतिक्रिया म्हणून हृदय अधिक जोराने धडधडू लागते व विदारण वाढते. वेदनाशमनासही तितकेच महत्त्व आहे, कारण वेदनेमुळे नाडी व रक्तदाब दोन्ही चढतात.

वर्गीकरण : कोणत्या रुग्णास शस्त्रक्रिया व कोणास औषधे, हा प्रश्न वर्गीकरणाने सुटला. डीबेकी यांनी विदारणाचे स्थान व विस्तार यांवरून तीन प्रकार मानले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील पॅट डेली, नॉर्मन शुमवे व सहकारी यांनी १९७० मध्ये अधिक सोपी विभागणी केली. आरोही महारोहिणी विदीर्ण असेल तर ‘अ’ प्रकार व नसेल तर ‘ब’ प्रकार. ‘अ’ प्रकारात तातडीची शस्त्रक्रिया, तर गुंतागुंत नसलेल्या ‘ब’ प्रकारात प्रथम औषधे, हा त्यामागील व्यवहार्य नियम आजही पाळला जातो.

निदानाची साधने : दीर्घकाळ वैद्याचा भर लक्षणांवरच होता. छातीत वा पाठीत एकाएकी, पहिल्या क्षणापासूनच परमावधीस पोहोचलेली वेदना. दोन हातांतील रक्तदाबात फरक. एखादी नाडी नाहीशी होणे. झडप गळत असल्याचा नव्याने ऐकू येणारा मर्मरध्वनी, ही त्यांतील प्रमुख होत. छातीच्या क्ष-किरण चित्रात महारोहिणीची छाया रुंद दिसू शकते. पण ती तशी दिसेलच असे नाही. हर्स्ट, जॉन्स व काइम यांनी १९५८ मध्ये ५०५ रुग्णांचा आढावा घेतला. त्या काळी निश्चित निदानासाठी महारोहिणीत क्ष-किरणरोधी द्रव्य सोडून चित्रण करावे लागे. अत्यवस्थ रुग्णास ही तपासणी जोखमीची होती व तीस वेळही लागे. १९७० नंतर संगणकीय छेदचित्रणाचा (सीटी स्कॅनचा) प्रसार झाला. त्यानंतर अन्ननलिकेतून सोडलेल्या शोधकाच्या साहाय्याने करावयाचे श्राव्यातीत ध्वनिचित्रण व चुंबकीय अनुस्पंदन चित्रण ही साधने हाती आली. द्रव्य टोचून केलेल्या छेदचित्रणात सुटलेला पडदा काही मिनिटांत दिसतो.

साधने आली तरी चुका थांबल्या नाहीत, कारण तपासणी करण्याची कल्पना आधी वैद्याच्या मनात यावी लागते. छातीत दुखणाऱ्या रुग्णांत हृद्‌रोहिणीविकाराचे रुग्ण स्तरविदारणाच्या रुग्णांपेक्षा कित्येक पटींनी अधिक असतात. हृदयविकाराचा झटका समजून गुठळी विरघळविणारी वा रक्त गोठू न देणारी औषधे दिली, तर तीच विदारणात घातक ठरतात. म्हणजे चुकीच्या निदानाने केवळ वेळ जातो असे नव्हे, तर उपचारच अपाय करतो. अमेरिकी नाटककार जोनाथन लार्सन यांना जानेवारी १९९६ मध्ये छातीतील वेदनेसाठी दोन रुग्णालयांत तपासून घरी पाठविण्यात आले होते. थोड्याच दिवसांनी, २५ जानेवारी रोजी, आपल्या संगीतिकेचा पहिला प्रयोग होण्याच्या दिवशी ते महारोहिणी विदारणाने मरण पावले. त्या वेळी ते ३५ वर्षांचे होते. अभिनेते जॉन रिटर यांच्यावर २००३ मध्ये प्रथम हृदयविकाराचा झटका समजून उपचार झाले होते. अशा घटनांनी सर्वसामान्य लोकांतही या विकाराची जाणीव वाढली.

आंतरराष्ट्रीय नोंदी : एकेका रुग्णालयात या विकाराचे रुग्ण थोडे येत असल्याने विश्वसनीय माहिती जमत नव्हती. म्हणून १९९६ मध्ये तीव्र महारोहिणी विदारणाची आंतरराष्ट्रीय नोंदवही सुरू करण्यात आली. २००० मध्ये ४६४ रुग्णांवर आधारित तिचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्णांचे सरासरी वय ६३ होते व सुमारे दोन-तृतीयांश पुरुष होते. वेदना एकाएकी सुरू झाल्याचे सुमारे ८५ टक्के रुग्णांनी सांगितले. परंतु पाठ्यपुस्तकांतील ‘फाटल्यासारखी’ या वर्णनापेक्षा ‘तीक्ष्ण’ हे वर्णन अधिक आढळले. नाडीतील न्यूनता केवळ सुमारे १५ टक्के रुग्णांत होती आणि सुमारे १२ टक्के रुग्णांचे छातीचे क्ष-किरण चित्र निर्दोष होते. ‘अ’ प्रकारात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी २६ टक्के, तर केवळ औषधे दिलेल्यांपैकी ५८ टक्के रुग्ण रुग्णालयात दगावले. औषधे दिलेल्या ‘ब’ प्रकारात हे प्रमाण सुमारे ११ टक्के होते. अभिजात लक्षणांची वाट पाहत बसू नये, हा या आकड्यांचा मुख्य बोध होय.

‘अ’ प्रकारात पहिल्या ४८ तासांत दर तासास १ ते २ टक्के रुग्ण दगावतात, असे पूर्वी मानीत. याच नोंदवहीच्या २०२२ मधील विश्लेषणात, शस्त्रक्रिया न झालेल्या रुग्णांत हे प्रमाण तासाला सुमारे ०·५ टक्का आढळले. धोका पूर्वीच्या अंदाजाहून कमी असला तरी उशिराची किंमत अद्याप मोठी आहे.

अलीकडील प्रगती : १९९९ मध्ये दोन स्वतंत्र वैद्यकगटांनी मांडीतील रोहिणीतून आवरणयुक्त जाळीदार नलिका सरकवून चीर आतून झाकण्याची पद्धत विदारणासाठी वापरल्याचे प्रसिद्ध केले. गुंतागुंतीच्या ‘ब’ प्रकारात छाती उघडून करावयाच्या शस्त्रक्रियेची जागा या पद्धतीने बव्हंशी घेतली. २०११ पासून जोखमीचे घटक, वेदनेचे स्वरूप व तपासणीतील चिन्हे यांवर आधारित गुणांकन प्रचारात आले. गुणांक कमी असून रक्तातील डी-डायमर या घटकाचे प्रमाणही कमी असल्यास विदारणाची शक्यता अत्यल्प असते, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. यामुळे प्रत्येकाचे छेदचित्रण न करताही संशयाचे निराकरण करता येते.

या प्रगतीचे फळ तिच्या एका प्रवर्तकास स्वतः अनुभवावयास मिळाले. ३१ डिसेंबर २००५ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी, डीबेकी यांना छातीत असह्य वेदना झाली आणि ही महारोहिणी विदारणाची वेदना असावी, असे त्यांनी स्वतःच ओळखले. शस्त्रक्रियेस ते प्रथम राजी नव्हते. प्रकृती खालावून शुद्ध हरपल्यावर, इतक्या वृद्ध रुग्णावर शस्त्रक्रिया करावी की नाही याविषयी रुग्णालयात मतभेद झाले. अखेर फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांचे सहकारी जॉर्ज नून यांनी विदीर्ण भाग काढून तेथे डेक्रॉनची नलिका बसविली. दीर्घ शुश्रूषेनंतर डीबेकी पुन्हा कामावर जाऊ लागले व जुलै २००८ मध्ये, शंभराव्या वाढदिवसास दोन महिने उरले असता, त्यांचे निधन झाले.

शस्त्रक्रिया, औषधे व चित्रण ही तिन्ही साधने आज उपलब्ध असली तरी ती मोठ्या शहरांतील सुसज्ज रुग्णालयांत एकवटलेली असतात. लहान गावातील रुग्णाचे भवितव्य त्यास प्रथम तपासणाऱ्या वैद्याच्या हाती असते. एकाएकी उद्‌भवलेली तीव्र वेदना पाहून या विकाराची शंका घेणे, दोन्ही हातांचा रक्तदाब व सर्व नाड्या तपासणे, रक्त पातळ करणारे औषध देण्यापूर्वी थांबून विचार करणे, नाडी व रक्तदाब आटोक्यात आणणे आणि विलंब न लावता रुग्णास योग्य ठिकाणी पाठविणे, ही कामे साध्या दवाखान्यातही होऊ शकतात. रक्तदाबाधिक्याचे वेळीच निदान व नियमित उपचार हाच या विकाराचा सर्वांत सोपा प्रतिबंध होय.